आईचा पाय आणि आतलं पॅड

"आई, चावी दे," मुलाने हात पुढे केला. आई एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दारातच थांबली.

"का रे बाबा?"

"सर्व्हिस सेंटरचा फोन होता. काल तपासणीत पुढच्या डाव्या चाकाचं ब्रेक पॅड पार झिजलेलं सापडलं. दोन वर्षांत! सुपरवायझर म्हणतो, चालवणाऱ्याचा पाय सारखा ब्रेकवर असतो. वय झालं आता तुझं. आपण ड्रायव्हर ठेवू."

वय झालं म्हटल्याबरोबर आईने दुसरी चप्पलही पायात घातली. तीस वर्षं तिने शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. साठाव्या वर्षी स्वतःच्या कमाईची विजेवरची गाडी घेतली आणि तेव्हापासून कुठेही जायला तिला कुणाच्या सवडीची वाट बघावी लागली नव्हती. आता पुन्हा दारात ताटकळायचं, आणि तेही पगारी ड्रायव्हरसाठी? छट्! मेले तरी नाही, असं तिने मनात पक्कं केलं.

मुलगा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता आणि घरातही ड्यूटीवरच असायचा. न्हाणीघरात तीन रबरी पट्ट्या होत्या, गॅसवर 'बंद केला का?' अशी पाटी होती. त्याच्यापुढे रडून काही होणार नव्हतं.

"चार चाकांना ब्रेकचं पेडल किती?" आईने विचारलं.

"एक."

"मग माझा पाय जड असता तर बाकीची चाकं सुटली असती का? त्यांच्याशी काय माझी सोयरीक आहे?"

मुलाने वही काढली. तो शेजारी बसून आईचे ब्रेक मोजणार होता. बाजारात जाऊन येईपर्यंत अकरा किलोमीटर झाले आणि वहीत जेमतेम दोन रेघा पडल्या. एक आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी, दुसरी सोसायटीच्या फाटकात थांबताना.

"अरे, पाय उचलला की गाडी आपणहून मंदावते. ब्रेक दाबू कशाला?"

"मी शेजारी आहे म्हणून तू मुद्दाम दाबत नाहीयेस," असं म्हणून मुलाने चावी उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

आईचं डोकंच फिरलं. गाडी फाटकाच्या मधोमध उभी होती, चावी मुलाकडे. म्हणजे आता ती हलणार नव्हती. ठीक आहे, मग इथेच उघडू! तिने डिकीतून जॅक काढला, बाकीच्या चाकांना दगड लावले, पान्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली आणि नट कुरकुरला.

"आई, हेल्मेट!" मुलगा ओरडला. तो धावत वर गेला, हेल्मेट घेऊन आला, आणि सोबत कारखान्यातली धोक्याची पिवळी पट्टीही आणली. गाडीभोवती ती गुंडाळून दोन्ही खांबांना बांधली, त्यामुळे पायी जायची वाटही बंद झाली.

इतक्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बॅग घेऊन आले. "काकू, माझा पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय हो!"

"मिटून घ्यायला सांगा. चाक निघालंच आहे."

चाक निघालं. बाहेरचं पॅड दिसत होतं, चांगलं जाड.

"हे बघ! आहे की भरपूर!" आई म्हणाली.

"आतलं कुठे दिसतंय?" मुलगा म्हणाला.

दोघे भांडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, सुस्कारा टाकला, कपाळाला दिवा बांधला आणि दात बघायचा छोटा आरसा आत सरकवला. "बाहेरचं ठणठणीत आहे. आतलं पार हिरडीला टेकलंय."

"आलं ध्यानात!" आईने तिथेच फतकल मारली. "पॅडं चिमटीत धरणारा हा कॅलिपर पिनांवर मागेपुढे सरकायला हवा. पिना गंजून बसल्यात, म्हणून आतलं पॅड एकटंच घासत राहतं. मशीनचा दांडा असाच अडकतो. यात माझ्या पायाचा काय संबंध?"

"सुपरवायझरलाच बोलावतो," मुलगा म्हणाला. साक्षीदार आपल्या बाजूचा आहे, अशी त्याची खात्री होती.

सुपरवायझर नवी पॅडं घेऊन आला, पट्टीखालून वाकून आत शिरला आणि पिन हलवून बघितली. ती ढिम्म हलेना.

"काकूंचं बरोबर आहे. मी फोनवर घाईने बोललो, माझं चुकलं. ब्रेक वापरलाच नाही की असा गंज चढतो."

"म्हणजे दोष चालवणाऱ्याचाच ना?" मुलाने लगेच पकडलं. "दाबला नाही, हाही दोषच!"

आई तोंड उघडणार तोच सुपरवायझरने चावी मागितली. गाडीतल्या पडद्यावर त्याने चार बोटं फिरवली आणि तो थांबला. "पाय उचलल्यावर गाडीने किती जोरात मंदावायचं, ते इथे शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलंय. ब्रेकला कामच उरलेलं नाही. वर कुणी ते बदलू नये म्हणून पासवर्ड लावलाय. कुणी लावला?"

डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा मुलाकडे वळवला.

"मी," मुलगा म्हणाला. "आईच्या सुरक्षेसाठी."

"गाडी घेतल्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने खाली मान घालून पासवर्ड टाकला. सुपरवायझरने ते मंदावणं कमी केलं, पिना घासूनपुसून ग्रीस लावलं, नवी पॅडं बसवली, चाक चढवलं आणि चावी सरळ आईच्या हातात दिली. "नवी पॅडं बसायला हवीत. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, वेगातून दहा वेळा जोरात ब्रेक मारा. आणि पुढे दर आठवड्याला दोनचार."

"ऐकलंस?" आई म्हणाली. "चल, बस. मोजायला माणूस हवाच."

पिवळी पट्टी सुटली, डॉक्टर धावत सुटले. गावाबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर आईने आरशात बघितलं, गाडीला वेग दिला आणि सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मुलाचा चष्मा त्याच्या मांडीत पडला, वही पुढच्या काचेवर आपटली.

"किती झाले?"

"एक," मुलगा चष्मा चाचपडत म्हणाला. "आई, मी मागे बसू का?"

"बस की. पण मोजताना मोठ्याने मोज."