मामाजींनी गिळलेली वेल

वेल लावायची आणि निळीच लावायची, हा निर्णय मी दोन हजार सहा साली दाढी करता करता घेतला. फुलचूरला आमच्या शेजारी छोटेलालच्या भिंतीवर मॉर्निंग ग्लोरी फुलायची, आणि माझी बायको योगेश्वरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या भिंतीकडे बघत उभी राहायची. (भिंतीकडेच. मी दोन दिवस खात्री करून घेतली.)

छोटेलालने कागदाच्या पुडीत चिमूटभर बिया दिल्या. "ओमेश्वरबाबू, रातभर पानी में भिगोना. छिलका बड़ा कड़क रहता है." मी पडलो कारकून. ऑफिसात साहेब सांगतील ते करतो आणि घरी कोणीही सांगेल ते करतो. शनिवारी रात्री बिया भिजवल्या आणि वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

आता त्याच खिडकीत आणखी एक वाटी असायची. ती माझ्या सासऱ्यांची, म्हणजे सेवकराम मामाजींची. त्यांना शुगर, म्हणून पहाटे भिजवलेली मेथी डोळे मिटून गटकन गिळायचे. डोळे उघडे ठेवून तरी काय फरक पडणार होता? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठीच तर ते आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या आपल्या खेड्यातून आले होते. त्यांना राजी करायला योगेश्वरीला दोन वर्षं लागली होती. सोमवारची तारीख ठरली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, पोट साफ पाहिजे, कुंथायचं नाही.

घोडं नेमकं तिथेच अडलं. मामाजींना जन्मभर तांब्या घेऊन धानाच्या बांधीकडे, उघड्या शेतात जायची सवय. आमच्या संडासात ते जायचे, कडी लावायचे आणि जसेच्या तसे परत यायचे. असे चार दिवस गेले.

"त्या डब्यात मानूस बसन का?" मामाजी वैतागले. "भिंत नाकाले लागते. योगू, मी गावाले चाललो. डोळा गेला त गेला!"

योगेश्वरी रडकुंडीला आली. कसंबसं त्यांना सोमवारपर्यंत थोपवलं.

रविवारी सकाळी उठून पाहतो, तर मेथीची वाटी भरलेली आणि माझी रिकामी.

"मामाजी, तुम्ही कोणती वाटी घेतली?"

"खिडकीतली. आज मेथी मोठी होती बाप्पा."

बायकोला सांगावं? छे! मी अनवाणी छोटेलालकडे पळालो.

"छोटेलालजी, वो बीज खाने से कुछ होता है क्या?"

"खाने को दिए थे क्या?"

"सांगा ना लवकर!"

"हमारी बकरी एक बार यही बेल खा गई थी."

"मग?"

"तीन दिन दूध नहीं दिया."

"अहो, मामाजी दूध देत नाहीत! पुढचं बोला!"

पुढचं त्याला माहीत नव्हतं. परत आलो तर योगेश्वरी दारातच. "बाबा संडासात गेले. अन् तुमचं तोंड असं काऊन झालं?"

मी सगळं कबूल केलं. (गुन्हा पोटात ठेवायची माझी कुवत पाच मिनिटांची.)

"माया बापाले जहर पाजलं तुमी!" ती मटकन खाली बसली.

मलाही खरंच रडू फुटलं. दर दिवाळीला माझ्यासाठी चिन्नोर तांदळाची पिशवी स्वतः एसटीत चढवणारा माणूस तो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आतून आवाज नाही. मी दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली.

"मामाजी! काहीतरी बोला हो!"

"कायले बोंबलून राहिले?" आतून डरकाळी आली. "चार दिवसानं जमून राह्यलं, बसू द्या ना सुखानं!"

हुश्श! देवाशप्पथ सांगतो, माझं प्रमोशन झालं तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मामाजींना तो आनंद दुपारपर्यंत आणखी पाच वेळा झाला, तेव्हा मात्र मी डॉक्टरांना घेऊन आलो.

"जुन्या काळी पोट साफ व्हायला अशीच बी देत असत," नाडी बघून डॉक्टर म्हणाले. "थोडक्यात वाचलात. पेज पाजा. ऑपरेशन गुरुवारी करू. आणि तुम्ही खिडकीत पुन्हा काही भिजवू नका."

गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं. शुक्रवारी सकाळीच पट्टी निघाली. घरी येताच मामाजी आमच्या फाटकात थांबले. छोटेलालची भिंत निळीशार फुलली होती. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"लय सुंदर दिसून राह्यलं वो," ते म्हणाले. योगेश्वरीने पदर डोळ्यांना लावला.

मग मामाजी माझ्याकडे वळले. मी केसांवरून हात फिरवला. शेवटी त्यांचं अडलेलं गाडं माझ्याच बियांनी मोकळं केलं होतं, कौतुकाचे दोन शब्द तर येणारच. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि लेकीला विचारलं,

"योगू, जवाई पयलेपासून असेच दिसतेत का?"

"हाव बाबा."

मामाजींनी मोठा उसासा सोडला.

"म्हंजे तुया लग्नाच्या वक्ताले माया डोळ्यात मोतीबिंदू होताच म्हनायचा."