चालतंबोलतं प्रमाण

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पण तिच्याबरोबर घरातून काय काय गेलं, याचा काटेसाहेबांना पत्ता लागायला सुरुवात झाली ती एका सोमवारी सकाळी, पँटचं बटण लागेना तेव्हा.

काटेसाहेब हे बाजाराने ठेवलेलं नाव. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासायचे, चुकीचा असेल त्याला सील ठोकायचं, हे काम. त्यांचा एकही शेरा आजवर खोटा ठरला नव्हता आणि आता निवृत्ती जवळ आली होती. तेवढं नाव राखून घरी जायचं, एवढीच इच्छा. दुसरा अभिमान कमरेचा. "नोकरीला लागलो तेव्हाच्या पँटी आहेत. कापड फिकं पडलं, कंबर तीच," हे ते पाहुण्यांना हमखास ऐकवत.

"आकसली असणार," ते आरशाला म्हणाले. बायकोच्या मागे कपडे तेच धूत. पाणी जास्त तापलं असेल. बटण सोडून त्यांनी पट्टा आवळला आणि कामावर गेले.

पहिलं दुकान औषधवाल्याचं. प्रमाण वजनांची जड पेटी गाडीत होती. ती उचलून आणायचा साहेबांना कंटाळा आला.

"कशाला हवी पेटी? माझं वजन पासष्ट. कंबर तीच, म्हणजे वजन तेच. मी चालतंबोलतं प्रमाण आहे," म्हणत ते काट्यावर चढले.

काट्याने त्र्याऐंशी दाखवले.

"काटा बिघडलाय तुमचा."

"साहेब, रागावू नका. वय वाढतं तसं अंगातलं मांस झडतं, जेवण मात्र तेवढंच राहतं. जास्तीचं पोटावर बसतं. रोज चालावं, थोडं वजन उचलावं, दोन घास कमी..."

"मी काटा तपासायला आलोय, प्रकृती दाखवायला नाही!" म्हणत साहेबांनी सील ठोकलं.

शेजारी धान्यवाला. त्याचा काटाही त्र्याऐंशी. सील. पुढे भंगारवाल्याचा मोठा काटा. पुन्हा त्र्याऐंशी.

"तीन काटे एकसारखे चुकतात? हे संगनमत आहे!"

"अहो साहेब," भंगारवाला म्हणाला, "हा औषधवाला मला साधा नमस्कार करत नाही. संगनमत कुठलं करतोय?"

एव्हाना गर्दी जमली होती. धान्यवाल्याने साहेबांच्या गाडीतली पेटी स्वतः उचलून आणली आणि समोर ठेवली. "आता तुमच्याच वजनांनी होऊन जाऊ द्या."

साहेबांनी वीस किलो ठेवले. काट्याने वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस. तिन्ही काट्यांवर तेच.

"वजनं बरोबर, काटे बरोबर," साहेब पुटपुटले. "मग चुकतंय काय?"

"काही चुकत नाही," भंगारवाला म्हणाला. "माल जास्त आहे."

बाजार हसला. साहेब मान खाली घालून सील काढायला वाकले आणि पँट मागून टरकन फाटली. भंगारवाल्याने एक रिकामं पोतं पुढे केलं.

संध्याकाळी लेक आली. बाजारातली बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिने पँट उलटी करून दिव्याखाली धरली. शिवणीच्या कडेने जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळीच ओळी होत्या.

"आता उसवायला कापडच राहिलं नाही, बाबा."

"उसवायला?"

"आई दर उन्हाळ्यात तुमच्या सगळ्या पँटी सैल करायची. तुम्ही कामावर गेलात की."

साहेब बराच वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले. "मला सांगितलं का नाही?"

"मी म्हटलं होतं तिला. ती म्हणाली, त्या माणसाला फुशारकी मारायला एवढंच तर आहे, असू दे."

लेक स्वयंपाकघरात गेली आणि पातेलं घेऊन बाहेर आली. "एवढा भात? कोण येणार आहे?"

"कोणी नाही. तिच्या मापाने लावतो. दोन वाट्या."

"आणि खातं कोण?"

"मीच. तिच्या वाटणीचा टाकवत नाही."

पातेलं खाली ठेवून लेकीने डोळे पुसले. मग चिमूटभर भात तोंडात टाकून म्हणाली, "तरी आईपेक्षा तुम्ही बरा लावता."

दुसऱ्या दिवशी काटेसाहेबांनी तिन्ही दुकानांत जाऊन सगळ्यांदेखत माफी मागितली. आता ते रोज सकाळी चालायला जातात. वजनांची पेटी स्वतः उचलतात. चहातली साखर सोडली आहे, नव्या पँटी शिवून झाल्या आहेत.

एका वाटीचा भात मात्र त्यांनी अजून लावलेला नाही.