दीपगृहातल्या माळ्याच्या चार बाजू

"आज बाबांना रडवलं नाही, तर नावाचा ट्रेव्हर नाही!"

शनिवारी दुपारी जेवताना, बटाट्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता ट्रेव्हर ऑर्मरॉडने ही घोषणा केली. बाबा तेव्हा परसातल्या शेडमध्ये होते. ते घरात असते, तर घोषणा एवढ्या मोठ्याने झाली नसती.

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली. "कालच तुझे केस बघून रडकुंडीला आले होते."

"आई, मस्करी नको. आज ते पहिल्यांदा 'दीपगृहातला माळी' ऐकणार आहेत. चारही बाजू! पूर्ण!"

ट्रेव्हर इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात गॅसच्या शेगड्या विकायचा. पण ते आपलं पोटापुरतं. त्याचा जीव होता रॉक संगीतात, आणि तेही साध्यासुध्या नव्हे. प्रेमाची तीन मिनिटांची गाणी त्याला चालत नसत. त्याच्या आवडीच्या गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू लागायची. त्यात चर्चमधला ऑर्गन यायचा, बासरी यायची, मध्येच कुणीतरी पितळी घंटा वाजवायचं, आणि ताल असा की नाचायला जावं तर पाय मुरगळावा! म्हणून ही मंडळी नाचतच नसत. रेकॉर्डचं कव्हर मांडीवर उघडून, डोळे मिटून, जमिनीवर बसत. सुई उचलली की निदान मिनिटभर कुणी बोलत नसे. बोललंच तर "बाप रे" एवढंच.

आणि या सगळ्यात थोर कोण? तर 'टिन ऑर्चर्ड' हा पाच जणांचा वाद्यवृंद आणि त्यांचा दोन रेकॉर्डचा संच, 'दीपगृहातला माळी'. ट्रेव्हरने तो दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकला होता की शेजारची मांजरसुद्धा त्यातली शीळ ओळखायची. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह, तिथे दिवा सांभाळणारा एकटा म्हातारा, त्याने दगडांत फुलवलेली बाग. एवढीच गोष्ट. पण काय सांगितली होती! त्यातली बासरी ऐकून ट्रेव्हरला रोज नव्याने वाटायचं की माणसाच्या हातून एवढं चांगलं काही होऊ शकतं, तर आपणही उद्या जरा बरे वागू.

या पाच जणांची तत्त्वं मात्र कडक होती. आकडे म्हणजे माणसाची गुलामी! म्हणून रेकॉर्डच्या बाजूंवर एक, दोन, तीन, चार असं काही छापलेलं नव्हतं. नुसती चित्रं होती. पहिल्या रेकॉर्डवर एकीकडे अंडं, उलट बाजूला ज्वाळा. दुसरीवर एकीकडे झाड, उलट बाजूला होडी. गाण्याचे शब्द छापणं हीसुद्धा गुलामीच, त्यामुळे तेही नाहीत.

बाबांनी यातलं काहीही कधी ऐकलं नव्हतं. अर्नेस्ट ऑर्मरॉड गावच्या ग्रामोफोन मंडळाचे चिटणीस. सिम्फनी आणि ऑपेरा यांच्या पलीकडे संगीत असतं हे त्यांना मान्य नव्हतं. वर ट्रेव्हरची सुई टेकली की खाली बाबा कोट चढवून शेडकडे निघत. भांडत नसत, ओरडत नसत, नुसते निघून जात. ट्रेव्हरला तेच लागायचं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, कारण त्यासाठी निदान थोडं ऐकावं तरी लागलं असतं.

पण देव दयाळू! त्या शनिवारी मंडळात आपल्या रेकॉर्ड ऐकवायची ज्यांची पाळी होती, त्यांना संधिवाताने गाठलं. आईने बाबांना पेचात पकडून ट्रेव्हरचं नाव पुढे केलं. बाबांनी तीन दिवस विचार करून होकार दिला, तो अटीसह.

"मंडळाचे नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, आणि यंत्राला हात लावायचा तो फक्त एन्टविसल यांनी."

"कबूल, बाबा! तुम्ही फक्त शेवटपर्यंत बसा."

"मी चिटणीस आहे. मला बसावंच लागतं."

चर्चमागच्या हॉलमध्ये पंचवीसेक मंडळी जमली. सगळ्यांत धाकटे सभासद साठीचे असावेत. पहिल्या रांगेत पियानो शिकवणाऱ्या मिसेस हेस्केथ विणकाम घेऊन बसल्या होत्या. कोपऱ्यात मंडळाचं यंत्र होतं, कपाटाएवढं मोठं, आणि त्याच्याशेजारी मिस्टर एन्टविसल, जणू स्वतःच ते बनवल्यासारखे ताठ. ट्रेव्हरने दोन्ही रेकॉर्ड त्यांच्या हाती दिल्या.

"ही आधी, अंडं वर. मग ही, झाड वर."

"मला शिकवू नकोस, बाळ," एन्टविसल म्हणाले.

मग ट्रेव्हर बोलायला उभा राहिला. काय बोलला! बाबांकडे न बघता, पण प्रत्येक शब्द बाबांसाठी.

"मित्रहो, पहिली बाजू अंड्याची. सीगलचं पिल्लू जन्मतं, म्हाताऱ्याला सोबत मिळते. पण दुसऱ्या बाजूला सावध राहा! ती आगीची आहे. दीपगृह पेटतं! बाग जळते! माळी मरतो! अशा कर्कश आकांतानंतर तिसऱ्या बाजूत तो झाड होऊन उगवतो आणि चौथ्या बाजूत होडी होऊन समुद्रावर निघून जातो. आधी मरण, मग जगणं! ही उलटी मांडणीच या कलाकृतीचा प्राण आहे. दुर्बळ हृदयाच्या लोकांनी दुसऱ्या बाजूला कान झाकले तरी चालेल."

मिसेस हेस्केथनी लगेच पर्समधून कापूस काढला. एन्टविसल यांनी खबरदारी म्हणून वाळूची बादली यंत्राजवळ ओढून घेतली.

पहिली बाजू सुरू झाली. ऑर्गन उगवला, सीगल ओरडले, बासरीने ती साधी सहा सुरांची धून घेतली आणि ट्रेव्हरच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला. त्याने चोरून बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. झोपले होते की ऐकत होते, देव जाणे. पण शेडमध्ये नव्हते!

बाजू संपली. एन्टविसल रेकॉर्ड उलटायला उठतील म्हणून ट्रेव्हर बघत राहिला. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. यंत्रानेच खट्ट केलं, वर अडकवून ठेवलेली दुसरी रेकॉर्ड पहिलीच्या डोक्यावर आपोआप पडली, आणि सुई झाडावर टेकली.

आग कुठे गेली?

ट्रेव्हर अर्धा उठला. बाबांची एक भुवई वर गेली. तो बसला.

इकडे मंडळींनी कापूस खुपसून, खुर्च्या घट्ट धरून आगीची तयारी ठेवलेली! आणि यंत्रातून आलं काय, तर पेअरच्या झाडावर पडणाऱ्या उन्हासारखं कोवळं गाणं. दोन गिटार आणि एक लहानसा पावा. मिसेस हेस्केथनी एका कानातला कापूस काढला.

"आग लागली का रे?" त्या कुजबुजल्या.

"अजून नाही."

"लागणार कधी?"

"ही... ही आतली आग आहे, मिसेस हेस्केथ."

"अगं बाई! आमच्या ह्यांचीही अशीच होती. बाहेर काही म्हणून दिसायचं नाही." त्यांनी दुसऱ्या कानातलाही कापूस काढला आणि विणकाम खाली ठेवलं.

मध्यंतरात चहा आला, बिस्किटं आली, आणि ट्रेव्हर थेट यंत्राकडे धावला.

"मिस्टर एन्टविसल, क्रम चुकला! अंड्यानंतर ज्वाळा हवी होती!"

"तू दोन्ही दिल्यास तशाच लावल्या मी. आता अख्खी चळत उलटी करायची, बस. या यंत्रावर मी तुझ्या जन्माआधीपासून ऑपेरा वाजवतोय."

"पण हा ऑपेरा नाही!"

"ट्रेव्हर," मागून बाबा म्हणाले. त्यांच्या हातात कप होता. "यंत्राला हात लावायचा नाही."

तेवढ्यात मंडळींनी त्याला घेरलंच. एका आजोबांनी विचारलं, "काय रे, तो माळी मेला का नक्की? मला तर तो झाडाला पाणी घालताना ऐकू आला."

"मेलाय," ट्रेव्हर म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "पण त्याला अजून ते कळलेलं नाही."

"वा!" आजोबा म्हणाले. "फारच खोल आहे!" आणि ते वाक्य चहाबरोबर हॉलभर फिरलं. बाबांपर्यंतही पोचलं. बाबांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते बराच वेळ बुडवूनच धरलं.

मग एन्टविसल यांनी चळत उलटी केली आणि होडी निघाली. ट्रेव्हरच्या हिशेबी हा शेवट, शांत निरोपाचा. पण आज होडी ऐकताना त्याला काहीतरी निराळंच जाणवायला लागलं. झाडाची फळं विकायला म्हातारा समुद्रात उतरलाय. वारा वाढतोय. ढोल लाटांसारखे अंगावर येतायत. बासरी हरवते, पुन्हा सापडते, पुन्हा हरवते. आणि बाजू संपते ती काळ्याकुट्ट अंधारात. याला तो दोन वर्षं शांत निरोप म्हणत होता!

खट्ट. पहिली रेकॉर्ड वरून पडली. ज्वाळा.

तोच कर्कश आकांत. पण आता होडी अजून बाहेर आहे, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि त्या गोंगाटातून हळूहळू वर आली ती पहिल्या बाजूची सहा सुरांची धून, आधी एकट्या ऑर्गनवर, मग सगळ्या वाद्यांवर. दीपगृह पेटलेलं नव्हतंच! कुणीतरी वरचा दिवा लावला होता. मोठं झालेलं ते सीगलचं पिल्लू भोवती ओरडत होतं, आणि होडी घरी येत होती.

ट्रेव्हर ढसाढसा रडला. तोंडात रुमाल कोंबून, नियम न मोडता रडला. एवढं सुंदर काहीतरी त्याने दोन वर्षं उलटंपालटं ऐकलं होतं, आणि तरीही त्याला ते जगातलं सर्वांत थोर वाटलं होतं! केवढी ताकद त्या पाच पोरांची!

सुई उचलली गेली. मिनिटभर कुणी बोललं नाही. मग मिसेस हेस्केथ म्हणाल्या, "बाप रे."

टाळ्या थांबल्यावर बाबा ट्रेव्हरसमोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल होते.

"पहिली धून शेवटी परत येते," ते म्हणाले. "दिवा लागतो तेव्हा. हे तू भाषणात का नाही सांगितलंस?"

"मला... आजच कळलं, बाबा."

"घरी तू कसं वाजवायचास?"

"एक रेकॉर्ड लावायची, उलटायची. मग दुसरी."

"अरे गाढवा! असे संच आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रासाठी असतात. पहिल्या बाजूच्या पाठीवर शेवटची बाजू. आमचे ऑपेरा वर्षानुवर्षं असेच येतात. मला विचारायचं होतंस एकदा!"

"तुम्ही शेडमध्ये असायचात."

बाबांनी घसा खाकरला आणि मंडळींकडे वळून चिटणिशी आवाजात जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात हाच कार्यक्रम पुन्हा होईल. प्रास्ताविक मी करीन. ट्रेव्हर चहा बघेल."

घरी जाताना बाबा पुढे आणि ट्रेव्हर मागे. संच बाबांच्या काखेत होता, आणि ते ती सहा सुरांची धून गुणगुणत होते. सूर थोडे घसरत होते, पण ट्रेव्हरने मरेपर्यंत ते दुरुस्त केले नसते. त्याचं काळीज आनंदाने भरून आलं होतं.

"बाबा, जड असेल ना? द्या, मी घेतो."

"नको," बाबा म्हणाले आणि त्यांनी संच आणखी घट्ट धरला. "तू उलटा धरशील."