पाणीपट्टी कचेरीच्या पितळी म्हशीची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवून, चौसष्ट कलांची स्वामिनी जी शारदा तिजला वंदन करून, आणि कचेऱ्यांच्या दारी आजवर जे जे रांगेत तिष्ठत उभे राहिले त्या समस्त जनांसि दंडवत घालून हकीकत लिहितो ती ऐसी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका नगरीत पितळेची म्हैस प्रकट जाहली आणि तिजपायी अवघे राज्य हालले. नगरीचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास तेथेच पाणीपट्टी भरावयाची आहे.

ते समयी नगरपति रंभाजीराव थोरबोले राज्य करीत होते. पुरुष थोर, देह भारदस्त, बोलणे मंद, चालणे त्याहून मंद, आणि प्रजेवर माया बहुत. त्यांस एके दिवशी भरसभेत ऐसे वाटले कीं, आपण कचेऱ्या पुष्कळ बांधल्या, परंतु एकही पाहून कोणाच्या मुखावर हसू येत नाही. बाहेरून राखी रंग आणि आतून अधिकच राखी. मग त्यांनी फर्मान काढिले कीं, यापुढे नगराची जी इमारत उठेल तिच्या खर्चाचा शंभरावा भाग कलेस द्यावा, आणि काय घडवावे ते त्या इमारतीत ज्यांस खेपा घालाव्या लागतात त्या लोकांनीच ठरवावे. सभेने टाळ्या वाजविल्या, आणि टाळ्या सरल्यावर सभासद एकमेकांस हळूच पुसो लागले कीं कला म्हणजे नेमके काय.

पहिली इमारत नव्या पाणीपट्टी कचेरीची होती. इमारतींचे कारभारी दाजीपंत ओझरकर, कामात हुशार आणि नगरपतींच्या मर्जीचे सदा भुकेले. त्यांनी तात्काळ सुचविले कीं, कचेरीच्या चौकात रंभाजीरावांचा घोड्यावर बसलेला पुतळा उभारावा. रंभाजीराव जन्मात घोड्यावर बसले नव्हते, आणि शंभराव्या भागात घोडा पुढून अर्धाच बसत होता, परंतु दाजीपंत म्हणाले, "मागला अर्धा पुढील वर्षी करू. तोवर भिंतीला टेकवू."

आता त्याच नगरीत, ओतारआळीत, तानूबाई ओतारी या नावाची बासष्ट वर्षांची विधवा राहत होती. घराणे पिढीजात घंटा आणि देवांचे मुखवटे ओतणारे. परंतु लोक यंत्रावरचा माल घेऊ लागले आणि बाईची भट्टी तीन वर्षे थंड पडली, आणि बाईने सांडश्या व हातोडे विकावयास काढिले. ती एके सकाळी जुन्या कचेरीत पाण्याचे देणे भरावयास गेली आणि तीन तास रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी छत्री मिटली, भुईवर बैठक मारिली, आणि तिजकडे पाहून बोलिले, "बाई, तुम्ही कलावंत दिसता. हातांवर चटके आहेत. तर ऐका, इथे काही करायचेच असेल तर माणसाला टेकायला होईल ऐसे करा. पाहायला आम्हांस समोरची खिडकी आहे, ती बंद असते ती गोष्ट वेगळी." हे शब्द बाईच्या मनी बसले, आणि घरी येऊन तिने कोळशाने चित्र काढिले: चौकात निवांत बसलेली म्हैस, पाय पोटाशी घेतलेले, रवंथ करीत असलेली, आणि पाठ ऐसी रुंद कीं नऊ माणसे ऐसपैस बसावी.

ते चित्र तिने कचेरीत नेऊन दिले. मग फर्मानाप्रमाणे घोड्याचे आणि म्हशीचे ऐसी दोन्ही चित्रे जुन्या कचेरीत टांगिली आणि खाली दोन मडकी ठेविली, आणि रांगेतील प्रत्येकास पसंतीच्या मडक्यात टाकावयास एक चिंचोका दिला. आठवड्याअखेर मडकी पालथी केली तो घोड्याच्या मडक्यात अकरा चिंचोके निघाले, त्यांतील सात दाजीपंतांच्याच कारकुनांचे. आणि म्हशीचे मडके तर तिसरे दिवशीच ओसंडून गेले होते, पुढे शिपायाने टोपली लाविली होती. दाजीपंतांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी तो राग पोटात ठेविला.

तानूबाईस काम मिळाले. तिने नगराच्या कोठारातल्या जुन्या पितळी तोट्या मागून घेतल्या, ज्यांतून पाणी येणे कधीच थांबले होते, आणि भट्टी पेटविली. धूर निघताच ओतारआळीतील म्हातारे कोतारे बाहेर येऊन पाहो लागले, आणि जे ओतारकाम सोडून रिक्षा चालवीत होते ते दोघे पुतणे आपण होऊन भाते धरावयास आले, आणि बाई पदराने डोळे पुसून म्हणाली कीं धूर फार झाला. समोर बसविण्यास शेजारच्या गजराबाई गवळणीची म्हैस आणिली. म्हैस हत्तीएवढी, आणि तिचे नाव चिमणी.

गजराबाई म्हणाली, "तानू, हिला दिवसभर बसवून करतीस तरी काय?"

"सरकारी काम करते."

"मग हिची पेंड सरकार घालणार का?"

"कलेचा शंभरावा भाग आहे, त्यातला शंभरावा हिचा," ऐसे तानूबाई बोलिली, आणि चिमणीने मान हलविली, आणि करार पक्का जाहला. मग मेणाचा नमुना केला, मातीचा साचा केला, मेण वितळवून काढिले आणि रस ओतिला. आठ तुकड्यांत म्हैस ओतली आणि ऐसी जोडली कीं सांधा बोटाला लागेना.

मार्गशीर्षात अनावरण ठरले. सनई वाजली, पेढे वाटले, आणि रंभाजीरावांनी स्वहस्ते रेशमी वस्त्र ओढिले, आणि उन्हात म्हैस झळकली. लोक प्रथम वाहवा म्हणाले. मग कोणी खुदकन हसले. मग दुसऱ्या बाजूने हसू आले, आणि ते हसू दाबता दाबता साऱ्या चौकात पसरले, कारण अर्धे मिटलेले डोळे, एका अंगाला झुकलेला जबडा, मुखावरची ती थोर तृप्ती. जो तो म्हशीकडे पाही, मग नगरपतींकडे पाही, मग आपल्या पायांकडे पाही. बोलला कोणी नाही. परंतु रंभाजीराव मंद असले तरी आंधळे नव्हते. ते पेढा तसाच ठेवून वाड्यात परतले आणि आरशापुढे दोन घटका उभे राहिले, आणि राणीसाहेबांस पुसो लागले, "खरे सांगा, आमचा जबडा ऐसा आहे काय?" राणीसाहेब म्हणाल्या, "जेवायला चला."

दाजीपंतांस हेच पाहिजे होते. दुसरे दिवशी त्यांनी अर्ज गुजरला कीं, मूर्तीत राजमुखाची विटंबना जाहली आहे, सबब म्हैस वितळवावी, बाईची उरली मजुरी रोखावी, आणि शंभराव्या भागाचे फर्मानच रद्द करावे. अर्जाखाली चाळीस सभासदांच्या सह्या होत्या. तानूबाईस बोलावणे गेले. दोन्ही पुतण्यांनी रिक्षांच्या चाव्या पुन्हा खिशात घातल्या, आणि गजराबाई म्हणाली, "तू एकटी जाऊ नकोस. साक्षीदार घेऊन जा."

सुनावणी चौकातच होती. रंभाजीराव आसनावर, सभासद भोवती, प्रजा गच्चीवर आणि झाडांवर. नगरपतींनी विचारिले, "बाई, हे तोंड कोणाचे?"

तानूबाई म्हणाली, "सरकार, ज्याचं तोंड त्यालाच आणलंय. बघून घ्या."

मग गर्दी दुभंगली आणि चिमणी आली. गळ्यात झेंडूची माळ, शिंगांस तेल, मागे गजराबाई. चिमणीने पितळी म्हैस पाहिली, थबकली, हुंगले, मान घासली, आणि भारी समाधानाने तिच्याशेजारी फतकल मारिली, तीच बैठक, तोच जबडा. तीन शिपायांनी उठवू पाहिले, उठेना. मग पंडित पाचारिले, आणि पंडितांनी दोरीने दोघींचे कान मापले आणि जाहीर केले कीं अंतर दीड बोटाचे. दाजीपंत गरजले, "कानांचा काय संबंध! सरकारांनी जरा जवळ यावे, म्हणजे विटंबना कोठे आहे ती दाखवितो." रंभाजीराव उठले, जवळ आले, चिमणीपुढे वाकले, आणि चिमणीने त्यांस हनुवटीपासून पागोट्यापर्यंत एकाच खेपेस चाटिले.

पागोटे भुईवर पडले. रंभाजीरावांनी तोंडावरून हात फिरविला, चिमणीकडे पाहिले, पितळी म्हशीकडे पाहिले, आणि त्यांच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आले, आणि ते हसो लागले. ऐसे हसले कीं आसनाला धरावे लागले, आणि प्रजा हसली, पंडित हसले, झाडावरून एक जण पडला तोही हसतच पडला. मग डोळे पुसून त्यांनी आज्ञा केली, "कागद आणा. ज्या चाळीस जणांस येथे आमचे तोंड दिसले, त्यांनी एकेकाने लिहून द्यावे कीं म्हशीचा कोणता अवयव आमच्या कोणत्या अवयवासारखा आहे. खाली सही."

कागद दाजीपंतांपुढे आला. दाजीपंतांनी लेखणी घेतली, शाईत बुडविली, नगरपतींच्या जबड्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "सरकार, आता नीट पाहता काहीच साम्य नाही. उन्हाने दिसले असेल." कागद चाळीस हातांतून फिरला आणि कोराच परत आला. अर्ज निकालात निघाला, फर्मान कायम जाहले, आणि दाजीपंतांस चिमणी उठेपर्यंत तिला पेंड घालण्याचे काम दिले. चिमणी चौथे दिवशी उठली.

गर्दी पांगल्यावर रंभाजीरावांनी तानूबाईस जवळ बोलाविले आणि हळू आवाजात विचारिले, "बाई, आता कोणी ऐकत नाही. आम्ही त्यात आहो कीं नाही?"

तानूबाई म्हणाली, "सरकार, अंग चिमणीचंच. पर डोळे करताना हात अडला. तिचे डोळे सारखे माश्यांवर. मग या कचेरीच्या पायाभरणीचा दिवस आठवला. तुम्ही चार तास उभं राहून भाषणं ऐकली, आणि शेवटी मांडवामागं विटांच्या ढिगावर जाऊन टेकलात. डोळे मिटत आले हुते. एवढं सुखी माणूस मी आजवर बघितलं न्हवतं. ते डोळे घेतले."

नगरपतींनी आपला कान चाचपला. मग म्हणाले, "कान?"

"कान म्हशीचेच."

"बरे जाहले," ऐसे म्हणून रंभाजीराव पितळी पाठीवर चढले, मांडी घातली, आणि बाईस शेजारी जागा दिली.

सारांश इतकाच: म्हैस राहिली, फर्मान राहिले, पुतण्यांनी रिक्षा विकल्या, आणि ओतारआळीत आता तीन भट्ट्या पेटतात. त्यानंतर त्या राज्यात आगीच्या बंबाच्या ठाण्यावर पितळी बेडकांची रांग आली आणि जन्ममृत्यूच्या कचेरीत पाळणा आला. पाणीपट्टीची रांग तितकीच लांब आहे. परंतु माणसे बसून बसून म्हशीची पाठ सोन्यासारखी लखलखते, आणि खिडकी उघडली तरी कोणी लवकर उठत नाही. जैसे घडले तैसे लिहिले. कमीजास्त जाहले असल्यास हसून सोडून द्यावे.