खुशालरावांनी दमणीला रोगण लावलं

खुशालरावांनी ठरवलं, की या वर्षी चाकांना पाणी लावायचं नाही.

बस, एवढंच ठरवलं. असं काहीबाही माणूस रोज सकाळी चूळ भरता भरता ठरवतो आणि दुपारपर्यंत विसरतो. पण खुशालराव विसरणाऱ्यांतले नव्हते. (विसरले असते तर चंद्रभानजींचा अंगरखा आज अकोल्यात असता.)

ते साल कापसाचं होतं. सात समुद्रांपलीकडे कुठल्यातरी मुलखात गोरे आपसात लढत होते, आणि तिकडच्या गिरण्यांना आपला वऱ्हाडी कापूस एकाएकी अमृतासारखा वाटायला लागला होता. अमरावतीच्या बाजारात गाडी लागायचा अवकाश, दलाल बैलांच्या शिंगांना लोंबकळत. घरोघरी पैसा आला आणि पैशामागून थोडं वेड आलं. कुणी बैलांना चांदीची घुंगरं केली, कुणी गोठ्याला नक्षीची दारं बसवली. नांदगावच्या वाटेवरच्या आपल्या गावात खुशालरावांनी दमणी आणली.

दमणी म्हणजे बायामाणसांना बसायची छपराची हलकी बैलगाडी. तशा गावात चार होत्या. पण ही अमरावतीच्या रंगाऱ्याकडून रंगवलेली. चाकं शेंदरी, आऱ्यांवर पिवळी वेल आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर हिरवे राघू, चोचीत डाळिंबाचा दाणा धरलेले. पहिल्या दिवशी खुशालराव त्या राघूंसमोर इतका वेळ उभे राहिले, की मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जेवणाचं ताट झाकून ठेवलं.

त्या दिवसापासून घरात दमणीचं राज्य सुरू झालं. कोंबड्या अंगणातून हद्दपार झाल्या. राघूंवरची धूळ मोरपिसानं झाडायची, चाकांना मनकर्णाबाईंची जुनी लुगडी गुंडाळायची, आणि दमणीत बसायचं नाही. (बसलं तर रंग घासतो.)

फाल्गुन लागला. ऊन तापलं.

"अवो," मनकर्णाबाई म्हणाल्या, "समद्या गावानं चाकं भिजवली. आपली कोरडीच हायेत. लाकूड आटलं का लोखंडाची धाव ढिली होते, न मंग निसटते."

"पान्यानं रंग जाते."

"रंग गेला तर जाऊ द्या. चाक गेलं तर?"

"मनकर्णे, ज्याले रंगाची कदर नाई त्यानं चाकावर बोलू नये."

मनकर्णाबाईंनी हातातली घागर तशीच तुळशीला ओतली.

अशात अमरावतीहून निरोप आला. अकोल्याचे चंद्रभानजी तिथं नातलगांकडे उतरले होते, परवा त्यांना न्यायला या म्हणून. चंद्रभानजींचा मुलगा लग्नाचा होता आणि खुशालरावांची गंगू लग्नाची. बोलणं लागलं होतं, पण पुढे सरकत नव्हतं. त्यात सोबत चंद्रभानजींची थोरली बहीण माणिकबाई येणार होती. या विधवा बाईची एक भुवई वर गेली की अकोल्यात सोयरीक मोडते, असं लोक सांगत. गंगू एकुलती एक. घर चांगलं, मुलगा गुणी. असं स्थळ पुन्हा दारी यायचं नाही.

आणि त्याच दिवशी शेजारच्या बकरीनं उजव्या राघूच्या पोटाला शिंग घासलं.

ओरखडा बोटभर होता. खुशालरावांना तो हातभर दिसला. माणिकबाईंची भुवई त्या ओरखड्यावरून वर जाताना त्यांनी डोळ्यांसमोर पाहिली. मग त्यांना रंगाऱ्याचं बोलणं आठवलं. तेलात राळ कढवून वरून हात मारला, की रोगण काचेसारखं बसतं, नख लागत नाही. कोणतं तेल, तेही त्यानं सांगितलं होतं. पण तेव्हा खुशालराव राघूंकडे पाहत होते.

गोठ्यात तेलाचं मडकं होतंच. त्यांनी चूल मांडली, राळ कढवली आणि मनकर्णाबाई शेतातून यायच्या आत दमणीला आतून, बाहेरून, छपराच्या कांब्यांपासून बैठकीपर्यंत जाड हात मारला. गाडी हाकणाऱ्याच्या जागेपर्यंत येताना रोगण संपलं. दमणी अशी लखलखली, की खुशालरावांना राघूच्या पोटात स्वतःच्या मिशा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनकर्णाबाईंनी फळीला बोट लावलं. ते सोडवायला दुसरा हात लागला.

"अवो, हे चिकट हाय!"

"चिकट नाई, ओलं हाय. वाळून राह्यलं."

"काल लावलं होतं ना?"

"राजेशाही रोगण हाय. ते का तुया सारवनासारकं वाळते?"

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाया रेच्यांवर, म्हणजे हातानं फिरवायच्या लाकडी चरकांवर, कापसातली सरकी काढत बसल्या होत्या. भाव चढलेला, त्यामुळे प्रत्येक अंगणात हेच काम. कापसाचे ढीग नुसते फुगलेले. तेवढ्यात फाल्गुनातली एक वावटळ वेशीतून आत आली, ढिगाला फेरी घातली आणि सगळं अंगण पांढरं करून गेली.

सगळ्यांनी डोळे उघडले. ढिगातला कापूस उडून गेला होता. तो कुठे गेला, हे शोधायला लागलं नाही.

अंगणाच्या मधोमध एक भलं मोठं पांढरं मेंढरू उभं होतं. त्याला दोन चाकं होती.

बाया पदर तोंडात कोंबून उठल्या. खुशालरावांनी एक पुंजका ओढला. कापूस बोटांना आला आणि बोटं फळीला चिकटली.

"तेल कोनत्या मडक्यातलं घेतलं?" मनकर्णाबाईंचा आवाज फार शांत होता.

"गोठ्यातल्या."

"ते चाकाच्या आसाले लावाचं एरंडेल हाय. रोगनाले जवसाचं लागते, ते सैपाकघरात हाय. एरंडेल कदी वाळते का? पाखरं धरनारे फांदीले असाच चीक लावतात!"

मग नवराबायको आणि गंगू अशी तिघं दिवस मावळेपर्यंत दमणी वेचत बसली. जास्तीचा कापूस निघाला. उरलेला बोटांनी दाबला गेला आणि घट्ट बसला. राघूंच्या चोची तेवढ्या मोकळ्या झाल्या.

"दुसरी गाडी मांगून आना कोनाची," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"समदं गाव हासंन."

"आता नाई हासून राह्यलं का?"

पण खुशालरावांनी तांबडं फुटायच्या आत तीच दमणी जुंपली. बैठकीवर पांढरी चादर अंथरली. ती एकदाच अंथरता आली, कारण मग ती हलेना.

अमरावतीत दारासमोर चंद्रभानजी तयार उभे होते. उंच, ताठ, अंगात मलमली अंगरखा, डोक्याला किरमिजी पागोटं. मागे माणिकबाई, काखेत घोंगडीची घडी. दोघांनी दमणीला एक फेरी घातली.

"खुशालरावजी," चंद्रभानजी म्हणाले, "दमनीले लोकर काहून फुटली?"

गंगूचं अख्खं आयुष्य या एका उत्तरावर टांगलेलं खुशालरावांना दिसलं.

"लोकर नाई जी. कापूस हाय. यंदा लक्षुमी कापसाच्या रूपानं आली, म्हनून दमनीले तिचीच शोभा केली. सध्या... सध्या तिकडं हेच चालते."

"तिकडं कुठं?"

"नागपूरकडं."

चंद्रभानजींनी मान डोलावली. त्यांना नागपूरचं कळत नव्हतं आणि तसं दाखवायचं नव्हतं. माणिकबाईंची भुवई जागची हलली, पण वर गेली नाही. त्यांनी आपली घोंगडी चादरीवर टाकली आणि तिच्यावर बसल्या. चंद्रभानजी ऐटीत उजव्या फळीला टेकले, हात फळीवर टाकला.

अमरावती मागे पडली आणि चाकं बोलायला लागली.

आधी कुईकुई. मग खडखड. मग दर फेऱ्याला एक 'टक्', जणू कुणी आतून दार वाजवतंय. खुशालरावांना तो आवाज ओळखू आला. उजव्या चाकावरची लोखंडी धाव सुटत होती. वाटेत एक डबकं होतं. तिथं थांबून चाकं भिजवली असती तर निभावलं असतं. पण थांबायचं तर पाहुण्यांना उतरा म्हणायचं, आणि उतरा म्हटलं तर...

त्यांनी हळूच मागे पाहिलं. चंद्रभानजी पुढे वाकायला पाहत होते आणि त्यांची पाठ येत नव्हती.

"टेकूनच बसा जी!" खुशालराव घाईनं म्हणाले. "वाट खराब हाय."

"खुशालरावजी, चाक वाजून राह्यलं," माणिकबाई म्हणाल्या.

"नवं लाकूड हाय, बाई. बोलते."

"मंग ते काय बोलते थे आयका की!"

डबकं मागे गेलं. पुढे नाल्याचा उतार होता, डाव्या अंगाला काळ्या मातीची भिंत आणि उजव्या अंगाला सरळ खाली दगड. खुशालरावांनी कासरा दोन्ही हातांना गुंडाळला. बैल उताराला लागले. टक्. टक्. टक्. आणि मग टक् थांबलं.

खुशालरावांच्या डोळ्यांदेखत लोखंडाचं एक मोठं कडं त्यांच्या दमणीला मागे टाकून, उड्या मारत, उतारावरून एकटंच पुढे निघून गेलं.

"थांबवा!" माणिकबाई ओरडल्या.

उघडं चाक दोन फेरे फिरलं आणि मोळी सुटावी तसं सुटलं. दमणी उजवीकडे बसली आणि दगडांच्या बाजूला कलंडली. हाकणाऱ्याच्या जागेला रोगण नव्हतं. खुशालराव तिथून जे उडाले, ते नाल्यातल्या चिखलात मानेपर्यंत जाऊन बसले. माणिकबाईंनी भावाच्या डाव्या दंडाला मिठी मारली.

आणि चंद्रभानजी? ते तर फळीवरून सरळ दगडांवर जायचे. त्यांचं डोकं खालच्या दगडांवर लोंबलं, पाय वर आले, तोंडातून रामाचं नाव निघालं. पण ते पडले नाहीत. त्यांचा अंगरखा फळीला होता, धोतर चादरीला होतं, चादर बैठकीला होती, पागोटं छपराच्या कांबीला होतं. दमणी करकरली, थरथरली आणि तशीच अडकून राहिली. चंद्रभानजी चिकावरच्या पाखरासारखे तिला धरून होते. किंबहुना तीच त्यांना धरून होती.

"कोनी हलू नका!" खुशालराव चिखलातून बाहेर आले. त्यांनी आधी बैलांच्या मानेवरचं जू धरून ठेवलं, मग दमणीच्या उंच बाजूवर आपलं सगळं वजन टाकलं. माणिकबाई घोंगडीसकट उतरल्या. मग त्यांनी भावाच्या अंगरख्याचे बंद एकेक करून सोडले. चंद्रभानजी अंगरख्यातून सोललेल्या केळ्यासारखे बाहेर आले. धोतर अर्धं आलं. पागोटं आलंच नाही.

उघड्या अंगानं, पाठीला कापूस, गुडघ्याला घोंगडी, असे ते गावापर्यंत चालत आले. खुशालरावांना वाटलं, यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी गंगूनं पाहुण्यांना पाहिलं. ती हसली नाही की घाबरली नाही. तिनं तिळाचं तेल आणि चुलीतली राख आणून ठेवली. "पान्यानं निंघत नाई, मामंजी. आधी तेल, मंग राख," म्हणाली आणि आत गेली. जिभेवर आलेलं 'मामंजी' ऐकून मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला.

पाहुणे धुऊनपुसून बसले. खुशालरावांना राहवलं नाही. चिखलाच्याच अंगानं त्यांनी हात जोडले.

"बाई, चूक समदी माही. चाकं मी भिजवली नाई, तेल मी चुकवलं, नागपूरचं खोटं मी बोललो. दमनीचा राग पोरीवर काढू नका. तिले पाहा, मंग काय थे ठरवा."

माणिकबाईंची भुवई आता खरंच वर गेली.

"पोरीले काय पाहाचं? कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत मी तिले पाह्यलं, बोलली तिच्यासंगं. तवाच पसंत केली. सुपारी फोडाचीच राह्यली होती."

खुशालरावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"मंग... मंग आज तुमी काय पाहाले आले?"

भावाबहिणीनं एकमेकांकडे पाहिलं.

"दमनी," चंद्रभानजी म्हणाले. "अमरावतीत लय नाव ऐकलं होतं. पोराच्या वरातीले तशीच रंगवून घ्याव म्हनत होतो."

"न आता?"

चंद्रभानजींनी पाठ खाजवली, बोटांना आलेला कापूस नीट न्याहाळला.

"आता घोडा पाहातो."

"न एक इनंती हाय, इवाई," माणिकबाई सुपारी हातात घेत म्हणाल्या. "त्या घोड्याले खरारा तेवढा तुमी करू नका."