अकरा साते सत्त्याहत्तर

मंडळी, गणिताच्या मास्तरांचं गणित चुकत नाही, असं खुद्द मास्तरांचंच ठाम मत होतं. त्यामुळे घरातलं चिमुकलं कुत्रं, बटण, अकरा वर्षांचं झालं तेव्हा त्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं, "कुत्र्याचं एक म्हणजे माणसाची सात. अकरा साते सत्त्याहत्तर! बटण आता वयोवृद्ध आहे."

"अहो, काल मांजरामागे धावला तो!" बायको म्हणाली.

"विझताना दिवा मोठा होतो तसं ते!"

झालं! बटणचं चालणं बंद. मास्तर त्याला कडेवर घेऊन तीन मजले चढू-उतरू लागले. बशीत मऊ भात, अंगावर शाल. महिन्याभरात बटण उशीसारखा फुगला आणि मास्तरांच्या पाठीत उसण भरली.

शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडच्या खोलीत, लेकीकडे राहायला आलेले सासरेबुवा पेपर वाचत होते. वय वर्षं सत्त्याहत्तर.

"डॉक्टर, म्हातारा सत्त्याहत्तरचा झालाय," मास्तर सांगत होते. "दिवसभर लोळतो. खाणं मात्र दणदणीत! तोंडाला वास येतो. दात काढून टाकले तर? नाही हो, पळून कुठे जाणार, गळ्यात पट्टा आहे ना!"

पाचव्या मिनिटाला सासरेबुवा पिशवी घेऊन दारात!

"जावईबापू, निघतो मी. पट्ट्यापर्यंत वेळ नको यायला."

लेक रडू लागली. मास्तर "अहो, कुत्रा! कुत्रा!" असं ओरडले, त्याने प्रकरण आणखीच चिघळलं.

"आता शिव्याही?" सासरेबुवा म्हणाले.

शेवटी खुलाशासाठी बटणसकट सगळी वरात दवाखान्यात गेली. पिशवी सासरेबुवांच्या हातातच.

डॉक्टर हसून हसून खुर्चीत मागे कलंडले. "साताने गुणायचं कोणी सांगितलं? लहान कुत्र्याचं पहिलं वर्ष पंधराचं, दुसरं नऊचं, पुढे वर्षाला साधारण चार. हा जेमतेम साठीचा! ठणठणीत आहे. फक्त लठ्ठ झालाय."

सासरेबुवांनी पिशवी खाली ठेवली आणि डोळे पुसले. मग बारीक आवाजात विचारलं, "आणि वास?"

"त्याचाच, बाबा," लेक म्हणाली.

मास्तर ओशाळले. कंबर धरून म्हणाले, "डॉक्टर, आलोच आहे तर या पाठीचं काही..."

"माणसांना मी तपासत नाही. वय?"

"एकोणसाठ."

डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला. "कुत्र्याच्या मापाने पावणेअकरा. हां, मग सांगता येईल! दोघांनाही खाणं निम्मं आणि सकाळ-संध्याकाळ फिरणं."

बायको हे जिवाचा कान करून ऐकत होती. त्या संध्याकाळी ताट समोर आलं तेव्हा मास्तरांनी एवढंच विचारलं, "अगं, निम्मं म्हणजे माझ्या निम्मं की बटणच्या?"