ओल्या रजईने उपग्रह हरविला त्याची हकीकत

पुढे कोणी ऐकीव सांगून घोळ करू नये, म्हणून जे जाहले तेच येथे लिहून ठेविले असे.

घरधनी पेशाने सुतार. त्यांचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, निवर्तून चार महिने जाहले होते. बाईसाहेब अकरा वर्षे एक मालिका पाहात आल्या, आणि इस्पितळातून त्यांनी अखेरचे फर्मान काढिले, की शेवट काय होतो तो तुम्ही पाहावा आणि मला सांगावा. घरधन्यांनी मान हलविली. तो शेवटचा भाग आज सायंकाळी सातास होणार, पुन्हा दाखविणे नाही, ऐसा जाहीरनामा जाहला होता.

पाचास टीव्ही लाविला तो पडद्यावर सिग्नल नाही. मग दुरुस्तीवाल्याकडे फोन रवाना केला. जबाब आला की गुरुवारी येतो. मग खालच्या मजल्यावरून मेहुणीबाईंस पाचारण केले. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त जाहलेल्या. घरधन्यांनी निदान ऐकविले, की उपग्रह पडला.

"वर ना खिळा, ना आधार. किती दिवस राहणार?"

"पडतोच आहे तो, भाऊजी. सारखा पडतोय. पण आडवा इतका जोरात धावतो, की खाली येईपर्यंत पृथ्वीची गोलाईच त्याच्याखालून वळून जाते."

"म्हणजे नेम चुकतो."

"जन्मभर चुकतो, म्हणून तर टिकलाय. चला गच्चीवर."

त्या उपग्रह सरदाराचे वर्तमान ऐसे. अदमासे बारा हजार कोस उंच, विषुववृत्ताच्या वर, सेकंदाला कोसभर दौडतो, आणि पृथ्वी एक फेरी घेते तेवढ्यात आपलीही एक फेरी पुरी करितो, म्हणून खालून पाहणारास एके जागी ठाण मांडून बसला ऐसे वाटते. दोन्ही बाजूंस पंख, त्यांवर ऊन पडून वीज होते, तोच त्याचा शिधा. जरा भरकटला तर लहान रॉकेटे उडवून जागेवर येतो. जमिनीवरील ठाण्यातून लहरी वर येतात, त्या तो घेतो आणि बळ देऊन अनेक मुलखांवर परत पाठवितो. खाली पोहोचेतो त्यांत जीव उरत नाही, आणि मग गच्चीवरची डिश त्यांस गोळा करून पुढल्या दांडीवरील डब्यात सोडते. डिश बोटभर ढळली तर नेम वरती शेकडो कोस चुकतो.

ऐशा नाजूक दांडीवर घरधन्यांनी सकाळी ओली रजई वाळत घातली होती.

"भाऊजी, हे काय?"

"दांडी मजबूत दिसली."

"ताईनं कधी इथं कपडे वाळत घातलेले पाहिलेत?"

धुणे हे खाते बाईसाहेबांचे. घरधन्यांनी त्यात कधी लक्ष घातले नव्हते. रजई उतरविली, परंतु डिश वाकडीच राहिली. मग पाना घेऊन घरधनी गच्चीवर आणि मेहुणीबाई खाली टीव्हीजवळच्या खिडकीत, ऐसे मोर्चे लागले. पूर्वी खिडकीतले ठाणे बाईसाहेबांकडे असे.

"उजवीकडे घ्या. तुमच्या नव्हे, माझ्या."

"तुमची उजवी मला दिसत नाही."

"मग टाकीकडे. थोडं. थोडं म्हणाले, भाऊजी. दार बसवताय का?"

सहा वाजले, मग साडेसहा. एकदा चित्र आले ते परक्या भाषेतील बातम्यांचे, म्हणजे शेजारच्या सरदाराच्या छावणीत शिरकाव जाहला होता. तेथून माघार घेतली. मग घरधन्यांनी पाना ठेविला आणि फळीला रंधा लागावा तितक्या हलक्या हाताने डिश लोटली.

"आलं. हात काढा. श्वाससुद्धा घेऊ नका."

तेव्हा सातास चार मिनिटे कमी होती. दोघांनी शेवटचा भाग पहिल्यापासून अखेरपर्यंत पाहिला आणि टीव्ही बंद केला. मग घरधनी खोलीच्या मध्ये उभे राहिले.

"कुठं बघून सांगू? वर?"

"वर नको, मान अवघडेल. इकडे बघा आणि सांगा. मी बसते."

घरधन्यांनी सांगितले, की धाकटी परत आली, सासूने किल्ल्या तिच्या हाती दिल्या, आणि थोरला शेवटी बोलला, पण उशिरा बोलला. अर्ध्या तासाचा मजकूर सांगण्यास पाऊण तास लागला. पात्रांची नावे उलटसुलट जाहली, ती मेहुणीबाईंनी दुरुस्त केली नाहीत. येणेप्रमाणे फर्मानाची तामिली जाहली आणि मोहीम फत्ते जाहली असे.